पाणी मागण्याची रीत

मंगळवार, ११ मार्च. सकाळी गॅसचा सिलिंडर आला. कपाटाची वरची फळी पुसून घेतली, जुन्या चादरी वेगळ्या काढल्या. समोरच्या खोलीतली फेसमावशी नेहमीप्रमाणे पेटी घेऊन जिना उतरली, पण अकराच्या आत परत आली. इतक्या वर्षांत असं झालेलं नाही. ऊन फार. दुपारी ती माझ्याकडे येऊन बसली आणि सगळं बोलली.

फेसमावशी हे नाव तिला गिऱ्हाइकांनीच ठेवलं होतं. कपड्याभांड्यांची पावडर बनवणाऱ्या एका कंपनीचा माल ती दारोदार नेत असे. हातात निळी पेटी, पेटीत विकायचे पुडे, नमुन्याच्या पुड्या, एक पांढरं भांडं आणि एक मळकं फडकं. फडकं ती घरी मुद्दाम मळवायची, चहाची गाळणी पुसून. लोकांच्या दारात भांड्यात पाणी घेऊन चिमूटभर पावडर टाकायची आणि दोन बोटांनी असा फेस काढायची, की घरातली पोरंटोरं बघायला गोळा होत.

पण फेस ही नंतरची गोष्ट. खरं काम त्याआधीच झालेलं असे. बेल एकदाच वाजवायची. वाजवली की एक पायरी खाली उतरून उभं राहायचं, म्हणजे दार उघडणाऱ्याला आपल्या अंगावर कुणी चालून आलंय असं वाटत नाही. पेटी भिंतीच्या कडेला, चटकन दिसणार नाही अशी. आणि पहिलं वाक्य मालाचं नाही, कंपनीचं नाही.

"ताई, घोटभर पाणी मिळेल का?"

पाण्याला नाही म्हणणारं माणूस तिला क्वचितच भेटलं. बाई आत जायची तेव्हा दार उघडंच राहायचं. आणि ज्याला आपल्या हाताने पाणी दिलं, त्याच्या तोंडावर दार लावणं कुणाच्याही जिवावर येतं. मावशी ग्लास पूर्ण रिकामा करायची, मग तो उजेडाकडे धरून म्हणायची, "पाणी गोड आहे हो तुमच्याकडचं. ग्लासावर मात्र डाग राहतात, नाही?" तिथून पुढे पेटी उघडायला वेळ लागत नसे.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि तिनेही कुणाला सांगितलं नव्हतं. बरोबर फिरणाऱ्या बायकांना नाही आणि घरात वन्संनाही नाही. वन्सं म्हणजे तिच्या गेलेल्या नवऱ्याची थोरली बहीण. गुडघ्यांनी जायबंदी, जिभेने मात्र तरतरीत. दोघींचं घर मावशीच्या फेरीवर चालत होतं, हे दोघींनाही ठाऊक होतं आणि त्याबद्दल दोघी कधी बोलत नसत.

या हिवाळ्यात कंपनीचे एरियासाहेब, म्हणजे आमच्या भागातली विक्री बघणारे, घरी आले. पूर्वी ते फेरीवाल्या बायकांची महिन्याला बैठक घ्यायचे, तेव्हा खोलीत बसायला जागा पुरत नसे. आता त्यांच्या हाताखाली मावशी आणि नदीपलीकडची एक बाई, एवढ्याच उरल्या होत्या. साहेब खुर्चीच्या टोकावर बसले.

"मावशी, वरून सांगितलंय, दारावर जाणं बंद करायचं. जाहिरात आता सगळी फोनवर. माणूस अंथरुणात लोळत असतो तेव्हा त्याला गाठायचं."

"अंथरुणात कशाला गाठायचं माणसाला?" वन्सं आतून म्हणाल्या. "आजारी आहे का तो?"

साहेब हसले नाहीत. "एक वाट आहे. कंपनीला खरी माणसं हवी आहेत, व्हिडिओसाठी. नट्या नकोत. तुमचा व्हिडिओ चालला, तर तुमची फेरी मी चालू ठेवायला लावीन. शब्द देतो."

मावशी लगेच हो म्हणाली. फेरी राहणार असेल तर ती डोक्यावर उभी राहायलाही तयार होती.

साहेब गेल्यावर वन्सं म्हणाल्या, "आता तुझं तोंड लोक अंगठ्याने वर ढकलणार."

"ढकलू देत. दाराबाहेर ढकललेलं सोसलंय, अंगठ्याचं काय घेऊन बसलात?"

व्हिडिओवाली मुलगी आली ती एक गोल दिवा आणि तीन पायांचा स्टँड घेऊन. केस आखूड, बोलणं गोड. तिने स्वयंपाकघरातली अर्धी भांडी हलवली, वन्संना दाराआड बसवलं आणि मावशीला ओट्याशी उभं केलं. फेस काढून झाला. मग मुलगी स्टूलावर बसली, हनुवटीखाली हात घेऊन.

"मावशी, मी पण माल विकते, माझ्या पद्धतीने. पण अनोळखी माणसाच्या दारात उभं राहायचं म्हटलं तर माझे पाय लटपटतील. तुम्ही कसं करता हो? काहीतरी युक्ती असेलच ना?"

"युक्ती कसली, चालायचं आणि बोलायचं."

"खरंच सांगा ना. मला शिकायचंय."

एवढ्या वर्षांत मावशीला पायांबद्दल विचारणारे भेटले होते, उन्हाबद्दल विचारणारे भेटले होते. हे कसं करतेस, असं मात्र कुणी विचारलं नव्हतं. तिला बरं वाटलं. दिवा चालू आहे आणि दिव्याच्या मधोमध फोन आहे, हे ती विसरली नव्हती. पण समोर ऐकणारं माणूस होतं आणि तिला सांगावंसं वाटलं. तिने सगळं सांगितलं. एक पायरी खाली, पेटी भिंतीकडे, घोटभर पाणी, उघडं दार, उजेडात धरलेला ग्लास.

मुलगी टाळी वाजवून हसली. "हेच. मावशी, हेच पुन्हा एकदा म्हणा. आणि शेवटी डोळा मारा."

डोळा मारणं मावशीला जमेना, दोन्ही डोळे एकदम मिटत. तेच मुलीला जास्त आवडलं.

व्हिडिओ चालला. चालला म्हणजे पळालाच. वन्संनी शेजारणीच्या फोनवर तो पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, "भांडी चांगली दिसतायत." पहिल्या आठवड्यात मावशी हवेत होती. रस्त्याने जाताना रिक्षावाले हाक मारत. ज्या इमारतींत बेलला कुणी दाद देत नसे, तिथे दारं आपोआप उघडू लागली.

पण उघडणाऱ्याच्या एका हातात पाण्याची बाटली असे आणि दुसऱ्या हातात फोन.

"मावशी, ते म्हणा ना, घोटभर पाणी. थांबा, चालू करू दे."

ती म्हणायची. लोक खोखो हसायचे, तिच्या शेजारी उभे राहून फोटो काढायचे. मग ती पेटीला हात घालायची तोच कुणीतरी म्हणायचं, "अहो, ते आम्ही फोनवरूनच मागवलं. तुमच्याच व्हिडिओखाली दाबायचं असतं. त्यावर सूटही मिळते."

"मग माझ्याकडून काय घ्याल?"

"तुमच्याकडून काय घ्यायचं? तुमचंच तर घेतलं ना."

संध्याकाळी पेटी सकाळी होती तेवढीच जड असे.

तरी एक घर तिने मनात धरून ठेवलं होतं. कोपऱ्यावरच्या इमारतीतल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. मावशी नोकरीला लागली तेव्हापासूनचं गिऱ्हाईक. बाईंकडे फोन साधा होता, त्यामुळे त्यांनी काही पाहिलं नसणार अशी तिला आशा होती. तिने बेल वाजवली, एक पायरी खाली उतरली. बाई दारात आल्या, पण आत वळल्या नाहीत.

"सुनेने दाखवलं मला," बाई म्हणाल्या.

मावशीने भिंतीकडेची पेटी पुढे ओढली.

"मी फ्रिजमध्ये एक बाटली बाजूला ठेवत असे. तू यायच्या दिवशी. नातवंडांना हात लावू देत नसे तिला."

"बाई, तहान लागायची हो मला. एवढे जिने चढून तहान लागणार नाही का?"

"लागत असेल. पण कुठल्या दिवशीची खरी आणि कुठल्या दिवशीची दुकानदारीची, ते मी आता कसं ओळखू?"

खरं सांगायचं तर तिलाही ते वेगळं काढता येत नव्हतं. दोन्ही तहाना इतकी वर्षं एकाच ग्लासातून भागल्या होत्या. बाईंनी पैसे देऊन एक पुडा घेतला, जुन्या ओळखीखातर. पाणी मात्र दिलं नाही. तो पुडा विकल्याचं मावशीला जेवढं लागलं, तेवढं न विकल्याचं कधी लागलं नव्हतं.

महिना संपला तसे एरियासाहेब पुन्हा आले. या वेळी बसलेच नाहीत.

"वरून फेरी बंद केली, मावशी."

"तुम्ही शब्द दिला होता. व्हिडिओ चालला तर म्हणून."

"चालला ना. म्हणूनच. ते म्हणतात, एका व्हिडिओने एवढं होतंय तर बाई कशाला फिरवायची?" साहेब खिडकीबाहेर बघत होते. "माझंही टेबल हलवलंय. पुढचं मलाही माहीत नाही."

"मग मी दुसरा व्हिडिओ करते. उन्हाळ्याचा. पडद्यांचा करते."

"लोकांचं तुमचं तोंड बघून झालं. आता एक मुलगी घेतलीय, ती कुत्र्याला आंघोळ घालते."

साहेब जिना उतरून गेले.

निळी पेटी साहेबांनी परत मागितली नाही, जुनी झाली होती. आतले उरलेले पुडेही राहिले. म्हणून आज सकाळी, कुणाला न सांगता, मावशी गावाच्या टोकाला नव्या वसाहतीत गेली. तिथे ती कधी गेली नव्हती. तिथलं एखादं माणूस असं असेल, ज्याने आपल्याला पाहिलेलं नाही, एवढीच तिची अपेक्षा होती. फाटकावरच्या माणसाला ती कुठल्यातरी कंपनीची पार्सलवाली वाटली, त्याने सोडलं. लिफ्ट बंद होती. पाचव्या मजल्यावर पोचेपर्यंत तिच्या घशाला कोरड पडली होती, जीभ टाळूला चिकटली होती.

बेल एकदाच वाजवली. पायरी नव्हती, म्हणून एक पाऊल मागे सरली.

दार एका तरुणाने उघडलं. त्याने तिला ओळखलं नाही. खरंच नाही. चेहरा निवांत, हातात फोनही नव्हता.

"काय हवंय?" त्याने विचारलं, अगदी नीट.

मावशीने तोंड उघडलं. पाणी हवं होतं. आतल्या टेबलावर भरलेला जग तिला दिसत होता. पण शब्द ओठांवर आला तसा तो तिला व्हिडिओतल्यासारखा ऐकू आला, मिटलेल्या दोन्ही डोळ्यांसकट, आणि तो तिच्याच्याने बाहेर काढवेना.

"काही नाही," ती म्हणाली. "मजला चुकला."

"असू दे." त्याने दार लावलं, हलकेच.

ती पाच मजले उतरली आणि तशीच घरी आली. हे सांगताना ती रडली नाही. पेटी कुणाला उपयोगी पडेल का, एवढं विचारलं आणि वन्संच्या औषधाची वेळ झाली म्हणून उठली. उद्यापासून काय, ते तिने सांगितलं नाही आणि विचारण्यात अर्थ नव्हता.

संध्याकाळी दोन उशांचे अभ्रे उसवले होते, ते शिवून ठेवले.