उष्ट्या हाताचा आराखडा

मला जर्मनीला पाठवलं ते नक्कल करून आणायला. हे शब्द आमच्या सरांचेच. चिंचवडला एका कापड दुकानाच्या वर त्यांची इंटिरिअरची फर्म होती. दोन खोल्या, चार ड्रॉइंग बोर्ड, आणि खालून ट्रक गेला की हलणारी रेघ. सत्तरचं दशक संपत आलं होतं, कारखाने वाढत होते आणि साहेबलोकांच्या केबिनला सनमायका लावून आमची पोटं भरत होती. अशात पिंपरीच्या एका कंपनीने कामगारांसाठी नवं कँटीन बांधायचं ठरवलं. त्यांची भागीदार कंपनी पश्चिम जर्मनीत होती. तिथलं कँटीन इथल्या मोठ्या साहेबांना इतकं आवडलं होतं, की त्यांना ते पिंपरीत जसंच्या तसं हवं होतं. डिझायनरने जाऊन मापं घ्यावीत असं त्यांनीच सुचवलं आणि तिकीटही त्यांनीच काढलं. एरवी आमचे सर उष्ट्या हाताने कावळा हाकायचे नाहीत, ते मला विमानात कुठून बसवणार? त्यांना स्वतःला डॉक्टरांनी प्रवास नको म्हटला होता आणि फर्ममधला दुसरा डिझायनर त्याच सुमारास बोहल्यावर चढत होता. म्हणून माझी वर्णी लागली.

सरांना एक गोष्ट मी सांगितली नव्हती. पिंपरीच्या त्याच कंपनीत माझे वडील फिटर होते आणि ते कँटीनमध्ये जेवत नसत.

आम्ही देहूरोडला राहायचो. आबा सकाळी डबा आणि पाण्याची बाटली घेऊन सायकलने निघायचे आणि दुपारी मशीनशेजारी एका खोक्यावर बसून एकटेच जेवायचे. का, ते घरात सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी बोलत नव्हतं. ते नोकरीला लागले तेव्हा कँटीनच्या शेडमध्ये पाण्याचं एक पिंप असायचं आणि त्यावर एक डबडं. आबा पाणी पिऊन बाजूला झाले की एक जण ते डबडं विसळून घ्यायचा. आम्ही बौद्ध. विसळणारा माणूस पुढे रिटायर झाला, पिंपही बदललं, पण आबा जे तिथून उठले ते पुन्हा गेले नाहीत. मला त्या माणसाचा राग होताच, आणि खरं सांगायचं तर आबांचाही होता. आपण का उठायचं? हे कँटीन मला हवं होतं ते एवढ्यासाठीच. माझे वडील जिथे जाऊन चारचौघांत जेवतील असा हॉल मला बांधायचा होता.

तिकडचा हॉल मात्र खरंच देखणा होता. काचेची उंच तावदानं, फिकट लाकडाची टेबलं, आणि ऑइलने माखलेल्या कामगाराच्या मागे ट्रे घेऊन मुकाट उभा असलेला त्यांचा डायरेक्टर. ते पाहून माझं मापं घेण्याचं भान गेलं. मग मात्र मी टेप काढला आणि टेबलं, बाकं, खिडक्या, वाढायचा ओटा, जे दिसेल ते मोजत सुटले. माणसं प्रेमळ होती, माझ्यासाठी टेपचं दुसरं टोकही धरायची. जेवणाचं विचारू नका. उकडलेला बटाटा, तोही फोडणीशिवाय. दोन दिवस काट्याचमच्याने तो गिळला आणि तिसऱ्या दिवशी सरळ आईने दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. पोट भरलं, जीव शांत झाला आणि उठले तर हात धुवायला जागाच नाही.

कुणीतरी कागदी रुमाल दिला. शेंगदाण्याच्या चटणीचं तेल कागदाने निघतं होय? बेसिन संडासाजवळ होतं, जिना उतरून लांब पॅसेजच्या टोकाला. उष्टा हात छातीपाशी धरून मी निघाले. वाटेतल्या प्रत्येक दाराला गोल मूठ. डाव्या काखेत ड्रॉइंगची गुंडाळी. एक दार मी कोपराने उघडायचा प्रयत्न केला, तेव्हा समोरून आलेल्या बाईला वाटलं मला काहीतरी लागलंय. ती घाबरी झाली आणि मला हसू आवरेना. पण हसता हसता डोक्यात लख्ख उजेड पडला. हा हॉल काट्याचमच्याने जेवणाऱ्यांचा होता. पिंपरीत भोंगा झाला की शेकडो माणसं एकदम जेवून उठतील, सगळ्यांचे हात डाळभाताचे, आणि मी त्यांना जिना उतरून पाठवणार?

परत आल्यावर मी हॉल त्यांचाच काढला, पण त्यात वाढायच्या ओट्यासमोरच्या भिंतीला, सगळ्यांना दिसेल अशी, कडाप्प्याची लांब मोरी टाकली. तिच्यावर नळांची रांग, हात धुवायला आणि प्यायलाही. दारं मुठीशिवाय, खांद्याने ढकलायची. नळाखाली ओंजळ धरली की पिंप नको, डबडं नको, आणि कुणाच्या मागून कुणी काही विसळायलाही नको.

सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हा काय लग्नाचा मांडव आहे का, म्हणाले. एवढ्या लांब जाऊन शेवटी मोरीच आणलीस? जसंच्या तसं काढ, नाहीतर काम दुसऱ्याकडे देतो, असंही स्वच्छ बजावलं. दुसरा डिझायनर हळदीच्या हातांनी माझ्या बोर्डाकडे बघतच होता. मी म्हटलं, द्या, पण त्याआधी एकदा मोठ्या साहेबांना जमिनीवर दाखवू द्या. कागदावरून हॉल ठरवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. मी तोंडावर पडेन अशी खात्री असल्यामुळेच सर तयार झाले असावेत.

कंपनीच्या एका रिकाम्या शेडमध्ये मी फक्कीने, म्हणजे पाया आखताना मारतात त्या पांढऱ्या भुकटीने, सगळा जर्मन हॉल खऱ्या मापात आखला. टेबलांच्या जागी टेबलं मांडली, पॅसेजच्या रेघा बाहेर व्हरांड्यापर्यंत नेल्या, मध्ये मुठीचं एक दार चौकटीसकट उभं केलं आणि शेवटी, तिकडच्या अंतरावर, पाण्याची बादली ठेवली. मग मोठे साहेब, त्यांचे अधिकारी आणि आमचे सर यांना पिठलं-भाकरी वाढली. सोबत कांदा आणि तेल घातलेला ठेचा. चमचे मी मुद्दामच ठेवले नव्हते. मंडळी आडवा हात मारून जेवली.

मग मोठे साहेब उठले आणि इकडेतिकडे बघू लागले. मी रेघ दाखवली. पिठल्याचा हात वर धरून ते रेघेने निघाले, मागे बाकीचे, तसेच हात वर करून. दाराशी सगळे अडले. मूठ कुणी धरायची? साहेबांनी डाव्या हाताने ती फिरवायला घेतली तोवर मागची रांग त्यांच्या पाठीला भिडली आणि कुणाचा तरी हात त्यांच्या पांढऱ्या शर्टाला लागला. त्यांनी वळून शर्टावरचा डाग पाहिला. मग म्हणाले, "किती नळ लागतील?"

एवढ्यावर भागलं असतं तर मी घरी जाऊन झोपले असते. पण हात धुऊन झाल्यावर ते सहज बोलल्यासारखं म्हणाले, की नळ घाला, फक्त मध्ये एक भिंत घ्या आणि अधिकाऱ्यांसाठी पलीकडे एक वेगळं बेसिन काढा. सरांनी लगेच मान डोलावली.

मी म्हटलं, "तिकडे भिंत नाही, साहेब. तिकडचे डायरेक्टर कामगाराच्या मागे रांगेत उभे होते, मी पाहिलंय. तुम्हाला जसंच्या तसं हवंय ना?"

सरांनी हळूच माझ्या पायावर पाय दिला. मी पाय काढून घेतला, शब्द मागे घेतला नाही. काम जातंय, कदाचित नोकरीही जातेय, हे मला दिसत होतं. पण तशी भिंत असलेल्या हॉलमध्ये आबा कधीच आले नसते. मोठे साहेब रुमालाने हात पुसत "बरं" म्हणून गाडीत जाऊन बसले. सर त्यानंतर आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले, पण मंजूर होऊन आलेल्या आराखड्यात भिंत नव्हती.

कँटीन सुरू झालं त्या दुपारी मी हॉलच्या दाराशी उभी होते. भोंगा झाला, माणसं आली, साहेब आले, नळ वाहू लागले. आबा आले नाहीत. हार-नारळ तिथेच सोडून मी तरातरा त्यांच्या मशीन शॉपमध्ये गेले. आबा खोक्यावर बसून डबा उघडत होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "हॉल लई चांगला केलास, पोरी. पर आमची सवय जुनी हाय. एका दिसात न्हाई सुटायची."

मला रडू आलं आणि रागही आला. समजूत घालायची माझी रीत नाही. मी दुसरं खोकं ओढलं आणि त्यांच्या डब्यातली अर्धी भाकरी घेतली. वांग्याची भाजी होती, रसरशीत. दोघं एकाच डब्यातून जेवलो. जेवण झाल्यावर त्यांनी रोजच्यासारखी बाटली उचलली, हातावर ओतायला. मी ती काढून घेतली आणि पाणी खिडकीबाहेर ओतून टाकलं.

"चला हात धुवायला," म्हटलं.

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग उठले. उष्टे हात वर धरून आम्ही बापलेक सगळ्या शॉपमधून चालत गेलो. दार त्यांनी खांद्याने ढकललं. नळांवर गर्दी होती. एक अधिकारी बाह्या वर करून हात धूत होता, तो जरासा सरकला आणि आबा त्याच्या शेजारी उभे राहिले. त्यांनी सावकाश हात धुतले. मग ओंजळ धरून पाणी प्यायले, आणखी एकदा प्यायले, आणि नळ तसाच वाहता ठेवून बाजूला झाले, कारण मागचा माणूस ओंजळ पुढे करून वाट बघत होता.