मागांना न दिसणारा कॉम्प्युटर

आमच्या घरी तंबाखूची भुकटी भातातसुद्धा सापडायची. वडिलांनी मोहोळकडची मेंढरं विकली आणि आम्ही कुंभारीला एका खोलीत येऊन राहिलो. ते एका कारखान्याच्या रंगाईखात्यात लागले, आई विड्या वळायला लागली. आईकडे विडी कामगाराचं कार्ड नव्हतं, म्हणून ती शेजारणीच्या कार्डावर वळायची. बोटं आईची झिजायची, कारखान्याच्या दप्तरी नाव शेजारणीचं लागायचं. ओल्या पानांच्या त्या वासाला मी इतकी विटले की आजही कुणी तळहातावर तंबाखू मळायला लागला की मी तोंड फिरवते. त्याच खोलीत, विड्यांच्या सुपाशेजारी बसून मी बी.एस्सी. कॉम्प्युटर केलं. आईकडच्या आणि वडिलांकडच्या, दोन्ही घरांत माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. हे मी मुद्दाम सांगते.

मला एका टॉवेलच्या कारखान्यात तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं. काम पटलं तर कायम, नाहीतर रामराम. तिथं चार जॅकार्ड माग होते. टॉवेलवर जो मोर किंवा जी वेल उठते, तिचं डिझाईन एका जुनाट कॉम्प्युटरवर तयार व्हायचं आणि माग वायरीतून ते ओढून घ्यायचे. डिझाईनचं सॉफ्टवेअर इतकं जुनं की नव्या विंडोजवर ते उघडायचंसुद्धा नाही.

माझ्यावर एक इंजिनिअर साहेब होते. त्यांच्या गालात कायम तंबाखूचा मावा. सगळ्या वायरी जिथं येतात त्या कपाटामागचा कोपरा त्यांनी थुंकून तांबडा केला होता. एखादी वायर बघायची तर मी नाक दाबून वाकायची.

खंडेनवमीला कारखाना धुऊन काढला, मागांना झेंडूचे हार घातले. दगड शोधायचा साहेबांना कंटाळा आला आणि त्यांनी नारळ फोडला तो थेट त्या जुन्या कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या कोपऱ्यावर. पाणी जाळीतून आत गेलं. मालक हात जोडून उभे होते. सगळ्यांनी खोबरं खाल्लं.

दसऱ्यानंतर कॉम्प्युटर चालू होईना. मी तो उघडला. आत कापसाची धूळ, हळद आणि नारळाचं पाणी यांचा लगदा झाला होता आणि त्यावर मुंग्या लागल्या होत्या.

"जुनंच होतं ते," साहेब म्हणाले. मालकांनी मान हलवली. नारळाचं नाव कुणीच काढलं नाही. मीही काढलं नाही, आणि त्या वेळच्या माझ्या गप्प बसण्याची मला आजही शिसारी येते.

हार्ड डिस्क मात्र वाचली होती. मी तिची अख्खी नक्कल नव्या कॉम्प्युटरवर घेतली आणि त्याच्या पोटात जुना कॉम्प्युटर व्हर्च्युअल मशीन म्हणून, म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरचा, उभा केला. डिझाईनचं सॉफ्टवेअर उघडलं, मोर जागच्या जागी. साहेबांनी त्यात इंटरनेट लावून बघितलं आणि लगेच मालकांना फोन केला, "झालं, करून घेतलं मी."

माग मात्र थंडच. ते व्हर्च्युअल मशीन 'नॅट'मध्ये होतं. म्हणजे आतला कॉम्प्युटर बाहेर जायचा तो बाहेरच्या कॉम्प्युटरच्या नावावर. बाहेरून कुणी त्याला हाक मारावी, तर तो आहे हेच कुणाला ठाऊक नाही. हे समजायला मला पुस्तक लागलं नाही, आई वर्षानुवर्षं तशीच वळत होती. यावर उपाय 'ब्रिज्ड'. त्यात आतल्या मशीनला वायरीवर स्वतःची जागा मिळते, स्वतःचा पत्ता मिळतो.

"नेट चालतंय की," साहेब म्हणाले. "मॅडमला अजून काय पायजे?"

"नेट नको, साहेब. मागांना हे मशीन दिसलं पायजे."

"कॉलेजात शिकवलं वाटतं. आमी इतकी वर्षं काय गवत उपटत होतो व्हय?"

मालकांनी मला बोलावलं. "ताई, सोमवारी माग चालू झाले तर ठीक. नाहीतर तुम्ही दुसरीकडं बघा." साहेब शेजारी उभे राहून मावा चघळत होते.

शनिवारी मी मशीन 'ब्रिज्ड' केलं आणि कशाला जोडायचं ते 'ऑटोमॅटिक' सोडलं. ही चूक माझी. साहेब त्या नव्या कॉम्प्युटरवर आपल्या मोबाईलचं वायफाय घेऊन क्रिकेट बघायचे. मशीनला पत्ता मिळाला म्हणून मी खूश झाले, पण तो पत्ता दिला होता साहेबांच्या मोबाईलनं. माग थंडच, आणि हे कळेपर्यंत दिवस गेला.

रविवारी सुट्टी होती. मी वायफाय बंद केलं आणि वायरीचं कार्ड निवडलं. आता मरून गेलेल्या कॉम्प्युटरचाच पत्ता हवा होता, कारण माग त्या एकाच पत्त्यावर हाक मारायचे. नक्कल केलेल्या विंडोजला कार्ड नवं वाटलं होतं आणि तिनं जुना पत्ता टाकून दिला होता. साहेबांना फोन केला.

"मागावर खडूनं लिहिलाय, बघा तिथं," म्हणाले आणि फोन ठेवला.

मागावर खडूचा ठिपकासुद्धा नव्हता. माग दुरुस्त करणारे म्हातारे तेलुगू जॉबर तेल घालायला आले होते.

"ते धुतलं की नवमीला," ते म्हणाले. "मीच धुतलं."

"मामा, मग माझी नोकरी गेली."

"माग इसरत न्हाय, अम्मा." त्यांनी हाताचं तेल फडक्याला पुसलं, मागाच्या पडद्याखालचं बटण चारदा दाबलं, मग शेजारचं एकदा. "मला वाचता येत न्हाय. पण नंबर ह्या पानावर असतोय, बघ."

होता, माग ज्याला हाक मारायचा तोच पत्ता. मी तो व्हर्च्युअल मशीनमध्ये हातानं भरला. त्याच वायरीवरच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून त्या पत्त्याला हाक मारून बघितली, उत्तर आलं. पहिल्या मागाच्या पडद्यावर डिझाईनची यादी उतरली.

"मोर आला बघ," जॉबर म्हणाले आणि दुसऱ्या मागाकडे वळले.

सोमवारी साहेब मालकांना सांगत होते, "साधं सेटिंग होतं हो." मालकांनी मला विचारलं, नक्की काय झालं होतं. मी सगळं सांगितलं. नारळाचं पाणी, मुंग्या, मोबाईलचं वायफाय, माझं 'ऑटोमॅटिक'सुद्धा. साहेब थुंकायला बाहेर गेले.

चारही माग त्या व्हर्च्युअल मशीनवरून डिझाईन घेऊन चालू झाले. तीन महिने भरल्यावर मी त्या कारखान्यात कायम झाले.