रेशमी फडका

आमचे अप्पा, शेषगिरी कंपाउंडर, १९४२ साली दर शनिवारी धारवाडहून अळणावरला जात. तिथल्या लाकडाच्या वखारीत ब्रह्मदेशातून चालत आलेली माणसं परकी म्हणून कोंडली होती. गुन्हा एवढाच, की जवळ कागद नव्हता. अप्पांनी नाडी बघून प्रकृतीचा दाखला लिहायचा. विटाळ नको म्हणून ते मनगटावर रेशमी फडका टाकून नाडी बघत, आणि वर त्याला तपासणी म्हणत. तो फडका मीच धुऊन देई.

मा खिन नावाची बाई त्यांचा हात ओढून आपल्या कपाळाकडे न्यायची. अप्पा रागावून हात सोडवायचे. फडक्यातून ताप कळला नाही. त्यांनी ‘ठीक आहे’ असं लिहिलं. पुढच्या शनिवारी कळलं, ती तापानं गेली.

अप्पांनी काम सोडलं आणि फडका चुलीत घातला. कारण फक्त मला सांगितलं.

चार वर्षांनी ते स्वतः अंथरुणाला खिळले. मी सोवळ्यात स्वयंपाक करत होते. त्यांनी हात पुढे केला. “विमल, ताप आहे का बघ गं.”

मी सोवळ्याचा रेशमी पदर मध्ये घेऊन त्यांचं मनगट धरलं.

अप्पांनी हळूच हात काढून घेतला.

“राहू दे,” ते म्हणाले. “ठीक आहे असं लिही.”