कुलपाबाहेरची अमेरिका

भाद्रपद पौर्णिमेनंतरचा रविवार, सोनाळा. हजर: जाऊबाई, अंगणवाडीच्या मदतनीस काकू, वस्तीतल्या बऱ्याच बायका, निवृत्त पोस्टमन आणि मी. गैरहजर: विहाराची कमिटी. विहाराला कुलूप.

वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, आमच्या बुद्धविहारात रोज धम्मग्रंथाचं वाचन होतं. पुढच्या खुर्चीवर बसून वाचतो तो पुरुषच. बायका पांढऱ्या साड्या नेसून खाली बसतात आणि प्रकरण संपलं की तीनदा ‘साधु’, म्हणजे ‘उत्तम’, म्हणतात. जाऊबाईंना त्या खुर्चीवरून वाचायचं होतं. दिवसभर शेतात निंदण करून येणारी ही बाई माझ्यापेक्षा स्वच्छ वाचते, आणि मी संग्रामपूरला शाळेत इतिहास शिकवते. कमिटीचं म्हणणं, बायकांचा आवाज मागपर्यंत पोचत नाही. म्हणून मी ठरवलं: आधी माझं व्याख्यान, लगेच त्यांचं वाचन. विषय मुद्दाम निवडला, इंग्रजांच्या ताब्यातली अमेरिका. विहारात पाद्र्यांचं काय काम, असं नेमकं तेच निमित्त करून कमिटीनं कुलूप लावलं.

आम्ही बाहेर कडुनिंबाखाली सतरंज्या टाकल्या.

मी सांगितलं ते थोडक्यात असं. अमेरिकेतल्या इंग्रजांच्या वसाहती एकमेकींना परक्याच होत्या. मग काही फिरते धर्मोपदेशक निघाले. चर्चची दारं बंद झाली तेव्हा ते शेतात उभे राहून बोलले. दूरदूरच्या वसाहतींतली माणसं पहिल्यांदाच एका गोष्टीवर वाद घालू लागली. देवापुढे माझा जाब मीच देणार, हे शेतकऱ्याला आणि मोलकरणीलाही पटलं. छापील पुस्तकांतून दुसरा विचार आला: सत्तेनं कारण दिलं पाहिजे, आणि ते बुद्धीला पटलं पाहिजे. पाद्र्याला प्रश्न विचारायची सवय लागलेले लोक पुढे राजालाही विचारू लागले. आपण इंग्रजांपेक्षा वेगळे, ही जाणीव अशी घडत गेली.

काकूंनी मध्येच विचारलं, “अन् तिथल्या गुलामाइचं काय झालं?”

“प्रवचन त्यांनीही ऐकलं. पण मालकांनी स्वातंत्र्य स्वतःपुरतं ठेवलं.”

“म्हंजे तिथंबी कमिटीच होती!”

हसत हसतच मी संपवलं, आणि सवयीनं सगळ्या बायका हात जोडून तीनदा ‘साधु’ म्हणाल्या. तो आवाज ऐकून कमिटीचे अध्यक्ष, माझे चुलत सासरे, तरातरा आले.

“पादऱ्याइले साधु म्हणून राह्यल्या? सूनबाई, विहारात हे काऊन?”

“विहारात कुठं, मामाजी? मी त झाडाखाली सांगून राह्यली. किल्ली तुमच्याच खिशात हाय.”

“अन् आता तुमची जाऊ वाचणार? आवाज तरी जाईन का मागं?”

जाऊबाई उभ्या राहिल्या, ग्रंथ उघडला आणि वाचायला लागल्या. समोरच्या किराणा दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर आली. पोस्टमनकाका उठून पार रस्त्यापलीकडे गेले आणि तिथून हात वर करून दाखवला: ऐकू येतंय. मामाजींनी ते पाहिलं, पण जागचे हलले नाहीत.

प्रकरण संपलं. ‘साधु’चा गजर उठला आणि त्यात एक जाड पुरुषी आवाज होता. मामाजींचे हात आपोआप जोडले गेले होते. आमच्याकडे बघताच त्यांनी ते सोडवले, खिसा चाचपला आणि घरी गेले. किल्लीही गेली.

झाडाखाली झालं ते आम्ही पुरेसं धरत नाही. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. त्याआधीचं एक काम बाकी आहे: हेच वाचन, दार उघडून, त्याच खुर्चीवरून.