शिनोलीच्या फोटोची शाई

"काळा म्हणजे काळा. त्यात निवडायचं काय असतं?" असं बायको माझ्या शाईवरून म्हणाली होती, आणि त्या दिवशी मी तिच्याशी जेवणापर्यंत बोललो नव्हतो. माझा स्वभावच तसा. एका जागी धड बसायचं नाही, आणि कुणी कामाला नाव ठेवलं की लगेच नाकाला मिरची झोंबायची. पुढे जे झालं त्यानंतर मात्र मला वाटायला लागलं की तिचं ऐकून मी त्या काळ्याच्या एवढा मागे लागलो नसतो तर बरं झालं असतं.

नव्वदच्या दशकात जुन्नरला माझा लहानसा स्टुडिओ होता. मागच्या बाजूला न्हाणीघराएवढी डार्करूम. लाल दिव्याखाली ट्रेमध्ये कागद हलवत राहायचं आणि पांढऱ्यातून चेहरा हळूहळू वर येताना बघायचा. माझ्यासारखा चुळबुळ्या माणूसही तिथे तासन् तास उभा राहायचा. मग रंगीत रोल आले आणि सगळं काम पुण्याच्या लॅबला जायला लागलं. काळ्या-पांढऱ्याचा कागद मागितला की पुण्यातला दुकानदार हसायचा, "अजून काढता का हो?" एक दिवस तो कागद येणंच थांबलं. डार्करूममध्ये बायकोने गव्हाच्या कोठ्या ठेवल्या.

दोन हजार साल उलटून गेल्यावर मी कॉम्प्युटर, स्कॅनर आणि इंकजेट प्रिंटर घेतला. लोक अजूनही पोथीत ठेवलेले, पत्र्याच्या पेटीच्या तळाशी सापडलेले जुने फोटो घेऊन यायचे. "मोठा करून द्या, भिंतीला लावायचाय." सगळं जग रंगीत झालं तरी माझ्याकडे काळं-पांढरंच यायचं, आणि मला ते मनापासून आवडायचं.

पण पहिलाच प्रिंट हिरवट निघाला. काळं-पांढरं पाहिजे म्हणून सांगितलं तरी ते यंत्र निळी, गुलाबी आणि पिवळी शाई मिसळून राखाडी बनवतं, आणि त्या तिघींतली एक कुणीतरी वरचढ होतेच. गुलाबी वाढवावी तर फेटेवाले म्हातारे लाली लावल्यासारखे दिसायचे. नुसत्या काळ्या कार्ट्रिजने छापावं तर गालभर ठिपके. ट्यूबलाइटखाली पसंत केलेला प्रिंट दारात उन्हात नेला की वेगळाच दिसायचा. त्यात लोडशेडिंग. कपाळ छापून झालेलं, हनुवटी कोरी, आणि वीज गेलेली. मी टेबलावर मूठ आपटायचो आणि बायको हळूच दुकानाबाहेर जाऊन उभी राहायची.

कागदाचंही तेच. साधा मॅट कागद शाई पिऊन टाकायचा, काळ्याचं राखाडी व्हायचं. ग्लॉसी कागदावर मात्र काळा दाट बसायचा. पुण्याच्या दुकानदाराने एकदा दोन बाटल्या पुढे ठेवल्या. "ही पिगमेंट. टिकाऊ, पण काळा जरा मेल्यासारखा दिसतो. आणि ही डाय. सिरिंजने कार्ट्रिजमध्ये भरायची. दिसायला एक नंबर." मी दुसरी उचलली. स्वस्त होती म्हणून घेतली असं सांगितलं तर लोक समजून घेतील, पण खरं कारण ते नव्हतं. मला माझा डार्करूममधला काळा परत हवा होता आणि त्यासाठी मी हपापलो होतो. दुकानदाराचा 'टिकाऊ' शब्द कानावरून गेला, आणि ही दुसरी टिकेल किती, हे मी विचारलंसुद्धा नाही. आमचे डार्करूमचे फोटो टिकायचेच. टिकणं ही विचारायची गोष्ट असते हेच मला ठाऊक नव्हतं.

त्याच सुमारास शिनोलीहून एक बाई आल्या. पन्नाशीच्या, घरची शेती करणाऱ्या. पिशवीत रुमाल, रुमालात प्लॅस्टिकचा कागद आणि त्यात पत्त्याएवढा फोटो. जत्रेतल्या रंगवलेल्या पडद्यापुढे बसलेली विशीतली मुलगी, नाकात नथ. एक कोपरा तुटलेला, खांद्यापर्यंत कसरीने खाल्लेलं.

"ही माजी आई," त्या म्हणाल्या. "मी सा महिन्यांची व्हते तवाच ग्येली. म्या काय तिला बगितली न्हाई. ह्यो येवडाच हाये, भाऊ."

मी त्या फोटोवर आठ दिवस बसलो. कसरीचे डाग भरले, कोपरा जुळवला, आणि ग्लॉसी कागदावर माझ्या लाडक्या काळ्यात भलामोठा प्रिंट काढला. आक्का, त्या बाईंना मी एव्हाना तसंच म्हणायला लागलो होतो, तो घ्यायला आल्या तेव्हा त्यांनी फोटोतल्या नथीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "लई ठळक झालं वो." आणि निघता निघता विचारलं, "ह्या जुन्याचं काय करू?"

आमच्याकडे भंगलेली मूर्ती घरात ठेवत नाहीत, देवाची फाटकी तसबीरही पाण्यात सोडतात. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "आता हा खंडित झालेला घरात कशाला ठेवता? नदीला सोडा." त्यांनी माझं ऐकलं. घोडेगावला एसटीतून उतरल्या, घोड नदीवर गेल्या, हळदकुंकू वाहून आईचा फोटो पाण्यात सोडला आणि पुढच्या गाडीने घरी गेल्या. नंतर कधीतरी बाजारात भेटल्यावर त्यांनीच हे सांगितलं, आणि मला बरंही वाटलं होतं.

वर्ष-दीड वर्षाने माझ्या दुकानाच्या काचेत नमुना म्हणून लावलेल्या एका फोटोची फ्रेम निखळली. फोटो बाहेर काढला तर फ्रेमच्या पट्टीखाली झाकलेली बोटभर कड कोळशासारखी काळी, आणि आतला सगळा चेहरा हिरवट, फिका, पाण्यात धुतल्यासारखा. रोज डोळ्यांसमोर असून मला ते दिसलं नव्हतं, कारण रोज थोडं थोडं उडत होतं. अशा किती भिंती मी भरल्या होत्या!

मग मला चैन पडेना. काहीतरी निमित्त काढून मी मोटरसायकलवर घरोघरी हिंडायला लागलो. चहा पुढे आला तरी नजर फ्रेमवर. बायको म्हणायची, "लोकं पाहुण्यांना भेटायला जातात, हे त्यांच्या मेलेल्यांना भेटायला जातात." मढला एका घरात आजोबांच्या नुसत्या मिशा उरल्या होत्या. बेल्ह्याला एक कुटुंब पूर्वी मेंढरं राखायचं, त्यांच्या घरात म्हातारा पार उजळून निघाला होता. नातू हसत म्हणाला, "आमचा आजा उभ्या जल्मात येवडा गोरा नव्हता, राव. मेंढरामागं हिंडून कोळसा झालता त्याचा. तुमी तर त्याला सायब केला!" सगळे हसले, मीही हसलो, आणि बाहेर येऊन मोटरसायकलपाशी कपाळाला हात लावून उभा राहिलो. बहुतेकांकडे जुना फोटो अजून पेटीत होता. तो मागून आणायचा आणि नवा प्रिंट द्यायचा, एवढं माझ्या हातात होतं.

शिनोलीला मात्र मी गेलो नाही. मधे माझ्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला होता आणि दुरुस्तीवाल्याने सगळा पुसून नव्याने चालू करून दिला होता. लग्नांचे फोटो मी आधी सीडीवर काढून घेतले होते, जुन्या फोटोंचं स्कॅन काढायचं राहून गेलं. तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं. आता हिशेब सरळ होता. मूळ फोटो माझ्याच सांगण्यावरून नदीत गेला होता, स्कॅन पुसलं गेलं होतं, आणि त्या मुलीचा चेहरा जगात फक्त माझ्या त्या हावरट काळ्या शाईत, शिनोलीच्या एका भिंतीवर उरला होता. घोडेगावपर्यंत जायचो आणि तिथूनच परत फिरायचो. जेवताना घास हातातच राहायचा. मी भित्रा आहे हे मला तेव्हा नीटच कळलं.

जायचं टाळायला मी शाईच्या चाचण्या सुरू केल्या. पिगमेंट शाई आणली, पुढे काळ्याच्या तीन वेगवेगळ्या छटा भरायचा दुसरा प्रिंटर घेतला. राखाडीच्या पट्ट्या छापायच्या, निम्मी पट्टी काळ्या कागदाने झाकायची, आणि काही खिडकीच्या गजाला, काही चुलीच्या वर, काही गच्चीवर ठेवायच्या. गच्चीवर बायकोच्या कुरडया आणि माझ्या पट्ट्या शेजारी शेजारी वाळायच्या. एक उन्हाळा गेला, पावसाळा गेला. ग्लॉसीवरच्या डाय शाईच्या पट्ट्या कधीच पांढऱ्याफटक झाल्या होत्या. कापसाच्या जाड कागदावरची पिगमेंट तेवढी झाकलेली आणि उघडी सारखीच राहिली. तिचा काळा पाटीसारखा, चमक नसलेला. पण बघून बघून मला तो आवडायला लागला. त्याला दिखावा नव्हता.

आता सबब उरली नाही. थंडीच्या दिवसांत एका सकाळी मी शिनोलीला गेलो.

फोटो दारासमोरच्याच भिंतीवर होता. केस आणि भांग दिसत होता, नथ दिसत होती. डोळ्यांच्या जागी दोन ठिपके. नाक नाही, ओठ नाहीत. आणि फ्रेमवर दोरीला ओवलेला जुन्या लुगड्याचा तुकडा, पडद्यासारखा बाजूला सारलेला.

"माजीच चूक झाली, भाऊ," आक्का म्हणाल्या. "मी ह्यो दारासमूर लावला. ऊन लई येतं हितं. आता दुपारचं झाकून ठेवते, पर जायचं ते ग्येलंच."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. "तुमची चूक नाही, आक्का. शाई चुकली," एवढं मी बोललो. नदीचं बोललो नाही, पुसलेल्या स्कॅनचंही बोललो नाही. नेतो आणि ताजा करून आणतो म्हणालो. त्यांनी फ्रेम स्वतः उतरवली, पदराने पुसली. "जपून न्या. दुसरा न्हाई."

निघताना मी त्यांना म्हणालो, "जरा दारात बसा, नवीन कॅमेरा आहे, उजेड बघायचाय." त्या डोक्यावर पदर घेऊन बसल्या. मी त्यांचा चेहरा अगदी जवळून टिपला. तेव्हा माझ्या मनात नेमकं काय होतं ते मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. उजेड बघायचा नव्हता, एवढं नक्की.

फिका झालेला प्रिंट मी स्कॅन केला आणि त्यातून जमेल तेवढं वर ओढलं. केस आले, कुंकू आलं, नाकाची कड आली, लुगड्याचा काठ आला. पापण्या आणि ओठ येईनात. मी आठवायचा प्रयत्न केला. आठ दिवस ज्या चेहऱ्यावर बसलो होतो तो मला आठवायला नको का? डोळे मिटले की मला त्या प्रिंटचा काळा आठवायचा, त्याची चकाकी आठवायची. चेहरा नाही. मी त्या बाईकडे कधी बघितलंच नव्हतं, मी माझ्या शाईकडे बघत होतो. याची मला जेवढी लाज वाटली तेवढी कशाचीच वाटली नाही.

पंधरा दिवस चाचपडलो आणि शेवटी आक्कांचा फोटो उघडून शेजारी ठेवला. त्यांच्या पापण्या घेतल्या, सुरकुत्या काढून टाकल्या. ओठांची रेघ घेतली. दोन ठिपक्यांभोवती ते सगळं असं बरोबर बसलं की मी खुर्चीवरून उठून बाहेर गेलो आणि बराच वेळ आत आलो नाही. मग कापसाच्या कागदावर, तीन काळ्यांत, हाताला लागलेलं सगळं कसब पणाला लावून प्रिंट काढला. मी आयुष्यात काढलेला तो सगळ्यात चांगला प्रिंट आहे.

आक्कांनी तो दारात उजेडाला नेला. बघत राहिल्या. मग भिंतीवरच्या आरशापाशी गेल्या, आरशात बघितलं, परत फोटोत बघितलं. परत आरशात.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "डोळं तर माजंच हायेत की वो. व्हटसुदिक. तिचंच आलं मला." आणि त्या रडायला लागल्या, हसत हसत रडायला लागल्या. "पन्नास वर्सं झाली. मी तिच्यासारकी दिसते, ह्ये मला कुनी सांगितलंच न्हाई." त्यांनी शेजारणींना हाक मारली. दोघीतिघी आल्या, फोटो आक्कांच्या तोंडाशेजारी धरून बघितला आणि म्हणाल्या, "अगं बया, खरंच की!"

मी बशीतला चहा हातात धरून बसलो होतो. आता सांगायचं, मी ठरवलं. हीच वेळ आहे, आणि नाही सांगितलं तर कधीच सांगणार नाही.

"आक्का," मी म्हणालो.

"काय, भाऊ?"

त्यांचा चेहरा ओला होता आणि लहान मुलीसारखा दिसत होता.

"दारासमोर लावला तरी चालेल," मी म्हणालो. "आता हा उडायचा नाही."

तेवढं मी खरं बोललो. त्यानंतर दोन-तीनदा गेलो, दुपारचं ऊन सरळ त्यावर पडतं आणि एका केसाचाही फरक नाही. आक्का नातीला उचलून त्याच्यासमोर धरतात आणि म्हणतात, बघ, माझ्या आईचे डोळे. मी मान हलवतो, चहा पितो, लवकर उठतो. बाहेर येऊन गाडीला किक मारेपर्यंत मनात एकच असतं. मी छापलेल्या सगळ्या फोटोंत हा एक तरी उडावा.