लेखी आणा

पुंजाराम भोयेचा पगार कंत्राटी माणसाचा होता आणि ऐट मात्र थेट कुलसचिवाची. गंगापूर रोडवरच्या एका शिक्षणसंस्थेच्या कचेरीत, जिन्याखालच्या खोलीत त्याचं राज्य. खोलीत एक सर्व्हर, सर्व्हरसाठी एसी, आणि एसीसाठी उन्हाळाभर अर्ध्या कचेरीची ये-जा. कुणी डबा ठेवून जाई, कुणी घरी न्यायची द्राक्षं. सुरगाण्याकडच्या पाड्यावरून आलेला हा गडी अकरा वर्षं तिथं बसून होता, आणि अकरा वर्षं 'कायम' व्हायची वाट बघत होता.

त्याची विद्या म्हणाल तर एका ओळीची. कुणी रजेवर गेलं, निवृत्त झालं, की त्याचे ईमेल दुसऱ्याकडे वळवायचे. पुंजाराम काळा पडदा उघडी. डावीकडे ज्याचं टपाल त्याचं नाव, मधे दोन टिंबं, उजवीकडे ज्याला पोचवायचं त्याचं. मग आणखी एक छोटी कमांड, एन्टर, झालं काम. पण ती ओळ लिहिण्याआधी तो जो भाव खायचा, काय सांगावं! "लेखी आणा," एवढंच म्हणायचा. बाळंतपणाच्या रजेवर निघालेल्या रोहिणी मॅडमला, नववा महिना लागलेला असताना, सहीसाठी तीन मजले चढायला लावले होते या बहाद्दराने. नियम म्हणजे नियम.

आस्थापनेतल्या सविताताई तेवढ्या त्याला भावासारखं वागवत. त्याचं कायम करण्याचं प्रकरण धुळीतून उपसून काढलं ते त्यांनी. सरकारी शिक्षण विभागाच्या कार्यालयाला पत्रांवर पत्रं टाकली. "उत्तर माझ्या ईमेलवर येईल, भोये. आलं की कागद जोडायचे, सुटलात तुम्ही!" पुंजारामने त्याच दिवशी बायकोला फोन करून पेढे सांगून टाकले. उतावळा कुठला!

अशात एके दिवशी देवरेसाहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. हे संस्थेचे कुलसचिव. आपल्या कारभाराच्या बातम्या बाहेर फुटतात आणि फोडते ती सविताच, असं त्यांच्या डोक्यात कुणीतरी भरवलेलं.

"तिचे सगळे मेल माझ्याकडे वळव. फक्त माझ्याकडे. तिला एक पण जाता कामा नये."

पुंजारामच्या ओठांवर ते दोन शब्द आले होते. अगदी आले होते. पण साहेब टेबलावरच्या फायलीवर बोटं वाजवत म्हणाले, "तुझं प्रकरण शेवटी माझ्याच सहीने जायचंय ना रे?"

"हो साहेब," पुंजाराम म्हणाला. खोलीत आला, ओळ लिहिली, एन्टर मारलं. बोट जरासुद्धा अडखळलं नाही.

आठवडाभराने सविताताई जिन्याखाली डोकावल्या. "अहो भोये, मला मेलच येईनात. बिघडलंय का काही?"

"वरूनच प्रॉब्लेम हाय, ताई. होईल," असं म्हणून हा स्क्रीनकडे बघत बसला. लाज वाटली, नाही असं नाही. पण लाजेने माणूस कायम होत नाही ना!

आता देवरेसाहेबांची रीत ऐका. साहेब ईमेल वाचत नसत. स्क्रीनवर वाचणं त्यांना कमीपणाचं वाटे. त्यांचा शिपाई भिका रोज सकाळी त्यांची पेटी उघडी, मेल छापून पुढ्यात ठेवी, साहेब त्यावर 'पाहिले' असं लिहीत. आणि भिका मोठा काटेकोर. वर साहेबांचं नाव असेल तेवढंच छापायचा. सविताताईंच्या नावाचे मेल दिसले की "हे आपलं नाय" म्हणून पुढे जायचा. म्हणजे ज्या टपालासाठी एवढा घाट घातला, ते साहेबांनी वाचलं नाही, भिकाने छापलं नाही, आणि ताईंना मिळालं नाही. वा रे कारभार!

महिना उलटल्यावर सविताताईंनी न राहवून विभागाच्या कार्यालयात फोन केला. मग फोन ठेवून थेट जिन्याखाली आल्या.

"भोये, उत्तर नऊ तारखेलाच पाठवलंय म्हणतात. कागदपत्रं सोळापर्यंत मागवली होती. आज बावीस! यादी गेली पुढे. माझा मेल गेला कुठे? शोधा, माझ्यासमोर शोधा."

पुंजारामला शोधायची गरजच नव्हती. तरी त्याने पडदा उघडला. ताईंचं नाव, दोन टिंबं, साहेबांचं नाव. ताईंना संगणक फारसा कळत नव्हता, पण दोन नावं वाचता येत होती.

"हे कुणी केलं?"

"साहेबांनी सांगितलं, ताई. मी फक्त टाइप केलं."

सविताताईंनी कोपऱ्यात ठेवलेला आपला डबा उचलला आणि निघून गेल्या. पुंजारामने ओळ खोडली. पण त्यामुळे नवे मेल तेवढे यायला लागले. गेलेली तारीख काही परत आली नाही.

प्रकरण अध्यक्षांपर्यंत गेलं. देवरेसाहेबांनी कानावर हात ठेवले. मी? मी कशाला असलं सांगेन? दुसऱ्या दिवशी सकाळी पुंजारामच्या स्वतःच्या पेटीत एक मेल आला, अगदी वेळेवर, कुठेही न वळता. कारणे दाखवा नोटीस. परस्पर टपाल वळवल्याबद्दल कंत्राट का रद्द करू नये? आणि शेवटची ओळ: 'सदर बदलाबाबत आपणास लेखी आदेश असल्यास त्याची प्रत जोडावी.'

नोटिसा आस्थापनेतूनच निघतात. पुंजाराम धावतपळत वर गेला. सविताताई दुसऱ्या कुठल्याशा पत्राला जावक क्रमांक टाकत होत्या.

"ताई, तुम्ही काढली ही नोटीस? तुम्हाला तर सगळं माहीत हाय!"

ताईंनी मान वर केली नाही.

"साहेबांनी सांगितलं, भोये. मी फक्त टाइप केलं."