डाव्या हाताच्या पट्ट्या

अडकलेला सूर सोडवणं मला कधी अवघड वाटलं नाही. भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये, इन्स्ट्रुमेंटेशन विभागात मी नोकरीभर सेन्सर आणि रिलेंची भांडणं मिटवली. निवृत्त झाल्यावर हुडको वसाहतीतल्या घरी कीबोर्ड, हार्मोनियम, जे येईल ते दुरुस्त करू लागले. बाई पियानो खोलते हे लोकांना पटायचं नाही. ते आधी माझ्या नवऱ्याला विचारायचे, "तुमीच करता ना?" त्याला फ्यूजसुद्धा बदलता येत नाही. तो निमूटपणे माझ्याकडे बोट दाखवायचा.

सेक्टर 2 मधल्या संगीताच्या बाईंनी बोलावलं तेव्हाही मी तासाभराचं काम धरून गेले. बाईंनी टाउनशिपच्या शाळेत वर्षानुवर्षं मुलांना वाजवायला शिकवलं होतं. मग लकवा झाला आणि डावा हात गेला. मुलाने आपोआप वाजणारा डिजिटल पियानो आणून दिला. एका जुन्या विद्यार्थिनीने डाव्या हाताचे भाग वाजवून फाइली करून दिल्या. टॅबवर फाइल लावली की डावीकडच्या पट्ट्या आपोआप खाली-वर होत आणि बाई उजव्या हाताने साथ धरत. पण डावीकडचे सूर अडकायचे. एक संपण्याआधी दुसरा त्यावर चढायचा आणि सगळा चिखल व्हायचा.

"आता नाही सुधरला तं झाकून टाकीन," बाई म्हणाल्या. "मंग मले त्याच्यापुढं बसाचंच नाही."

"अर्थिंग खराब असन," काका म्हणाले. काका म्हणजे बाईंचे यजमान, प्लांटच्या रोलिंग मिलमधून निवृत्त झालेले. त्यांच्या मते जगातला प्रत्येक बिघाड अर्थिंगपासूनच सुरू होतो.

मी त्यांना समजावलं. टॅबवरून पियानोला जाणाऱ्या मिडीच्या फाइलीत आवाज नसतो, हुकूम असतात: ही पट्टी दाब, आता सोड. पट्टी खाली गेली की तिच्याखालचा सेन्सर सूर काढतो, वर आली की थांबवतो. 'सोड' हरवलं, की सूर अडकला. फाइल लावून पाहिली तर स्वच्छ वाजली. तरी मी पियानो खोलला. पट्ट्या ओढणाऱ्या चुंबकांवर काळपट भुकटी बसलेली. भिलाईच्या धुळीत लोखंड असतंच, त्याला चुंबक दिसला की ते जाणारच. ब्रशने सगळं झाडलं, केबल बदलली, चहा घेतला आणि ऐटीत घरी आले.

आठवडा झाला नाही तोच फोन. "अटकूनच राहिला वं."

पुन्हा गेले. सेटिंग तपासल्या, टॅब बदलून पाहिला. माझ्यासमोर एकही सूर अडकेना. बाई म्हणाल्या, "कावून वं? तुह्यापुढं तं चांगला वाजते." आता माझं डोकं तापलं.

"बाई, तुमी बसा. वाजवा. मी पायते."

"माझं काय पायतं? मशीन पाय ना."

"मशीन पाहून झाली. आता तुमीच उरल्या."

काका उगाच खिडकीबाहेर बघू लागले. बाई बसल्या. उजव्या हाताने त्यांनी डावं मनगट उचललं आणि तो हात पट्ट्यांवर ठेवला. फाइल सुरू झाली. पट्ट्या हलल्या, त्यांच्यासोबत बाईंची बोटंही खाली-वर होऊ लागली. जिथे बोटाचा भार पडला, तिथली पट्टी वर येईना. 'सोड' हा हुकूम वेळेवर येत होता, हात सोडत नव्हता. मी मात्र आठवडाभर, रोग रेड्याला असताना औषध पखालीला देत बसले होते.

बाई थांबल्या. "बोटं हालतात तं वाटते, मीच वाजवून राहिली. सांगाची लाज वाटे."

वाजताना पट्ट्यांवर हात ठेवू नका, एवढं सांगून मी मोकळी झाले असते. पण ते वाक्य मी तोंडातून काढणार नव्हते. मी डाव्या अर्ध्या पट्ट्यांचे सेन्सर बंद केले आणि तिकडचा सूर थेट फाइलीच्या हुकमांवर वाजेल असं केलं. आता पट्ट्या हलतील, बोटंही हलतील, पण पट्टी दबून राहिली तरी सूर थांबायचा तेव्हा थांबेल. बाईंनी हात तिथेच ठेवून अख्खी चाल वाजवली. एकही सूर अडकला नाही.

"म्हणजे अर्थिंग नव्हतं," काका म्हणाले.

हिवाळ्यात बाईंचा पुन्हा फोन आला. "डाव्या बाजूचे सेन्सर चालू करून दे."

"अवो बाई, पुन्हा अटकन. म्हणूनच तं बंद केले."

"तू ये तं खरं."

गेले तेव्हा टॅब बंद होता, म्हणजे पट्ट्या आपोआप हलणार नव्हत्या. बाईंनी डावा हात पट्ट्यांवर ठेवला आणि कपाळाला आठ्या घालून त्याच्याकडे बघत राहिल्या. बराच वेळ काही झालं नाही. मग करंगळीखालची पट्टी आवाज न करता खाली गेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सेन्सर चालू केले.

त्यांनी उजव्या हाताने मनगट उचलून पुन्हा ठेवलं. या वेळी पट्टी खाली गेली आणि बारीकसा सूर आला. करंगळी काही वर येईना, सूर रेंगाळत राहिला.

स्वयंपाकघरातून काकांनी विचारलं, "पुन्हा अटकला का वं?"

"अटकू द्या," बाई म्हणाल्या.